नाथाजीचा डावा कान

इस्लामपूरहून पेठ नाक्याकडे निघालं की डाव्या हाताला उसाच्या फडाला खेटून एक पत्र्याचं गॅरेज लागतं. त्याला पाटी नाही. पाटीची गरज कधी पडलीच नाही, कारण गेली तीस वर्षं त्या पत्र्याखाली नाथाजी हवालदार बसतो, आणि नाथाजीच्या कानाबद्दल वाळवा तालुक्यात जेवढं बोललं गेलंय तेवढं आमदारकीबद्दलही बोललं गेलेलं नाही.

लोक सांगतात, आष्ट्याहून निघालेली एस.टी. बावचीच्या पुढं आली की नाथाजी इकडे पान्यावरचा हात थांबवायचा आणि म्हणायचा, "मागच्या उजव्या चाकाचं बेअरिंग रडतंय. आज ही कऱ्हाड गाठत न्हाई." आणि एस.टी. बरोबर नेर्ल्याच्या पुलाशी बसायची. कारखान्याचा भोंगा वाजला की त्या आवाजावरून आज उसाला उतारा किती पडणार ते तो दोन दशांशांपर्यंत सांगायचा. विट्याची माणसं सोनं गाळायला देशभर पांगलेली, त्यातल्या एकानं एकदा थेट कोइमतूरहून फोन लावून तो आपल्या गाडीच्या इंजिनावर धरला, तर नाथाजी इकडून म्हणाला, "तिसरं टॅपेट सैल हाय, आन् डिकीत चटणीची बरणी आडवी पडलीय." बरणी आडवी पडलेली होती. यातलं निम्मं स्वतः नाथाजीनंच पसरवलेलं, हे खरं. पण उरलेलं निम्मं दुसऱ्यांनी सांगितलेलं आहे, आणि ते जास्तच फुगलेलं आहे.

अशा या कानाच्या जिवावर चिंतामण सरांची गाडी शेहेचाळीस वर्षं पळत आली होती. पहिली पंधरा-सोळा वर्षं नाथाजी फौजेतून सुट्टीवर आला की तिला हात लावायचा, रिटायर झाल्यावर मग बारमाही. सर राहायला इस्लामपुरात, गणित शिकवायचे सांगलीच्या कॉलेजात. तरुणपणी, सगळे शहाणे लोक फ्लॅटसाठी नाव नोंदवत असताना, त्यांनी बंगळूरहून एक विलायती दोन सीटची गाडी आणली. हिरवी, उघड्या टपाची, सदुसष्ट सालची, शर्यतीच्या जातीची. इतकी खाली की तिच्यात बसून टपरीवाल्याला चहा सांगायचा तर मान वर करावी लागायची. सगळा रस्ता तिला 'बुटकी' म्हणायचा. सरांच्या बायकोचं, अनसूयावहिनींचं, माहेर साताऱ्याचं. दरसाल भाऊबीजेला भावानं बहिणीकडे यायचं सोडून हीच बहीण भावाकडे निघायची. कारण ओवाळून झालं की यवतेश्वरचा घाट बुटकीतून चढायचा, आणि घाटात गाडी वहिनी चालवायच्या. सर शेजारी बसून डोळे मिटून घ्यायचे. ते म्हणायचे, आवाज ऐकतोय. वहिनी म्हणायच्या, घाबरलेत.

तर त्या वर्षी दसऱ्याच्या आठ दिवस आधी बुटकी नेहमीसारखी गॅरेजला आली. नाथाजीनं तिचे दोन्ही कार्बोरेटर, पुढच्या दोन सिलिंडरांना हवा-पेट्रोल पाजणारा एक आणि मागच्या दोघांना पाजणारा दुसरा, खोलले, सोन्याचे दागिने धुवावेत तसे धुतले, घासून लख्ख केले, परत चढवले. त्यांच्या तोंडावरचे एअर फिल्टर धुऊन खिडकीत वाळत टाकले. मधे खंडेनवमी आली. पाने, जॅक, ग्रीसचा डबा आणि बुटकी, सगळ्यांची एकत्र पूजा झाली, बॉनेटला झेंडूची माळ चढली. दसऱ्याच्या सकाळी त्यानं फिल्टर बसवले आणि चावी फिरवली.

गाडी सुरू झाली आणि नाथाजीचा चेहरा पडला.

उभ्या जागी ती थरथरत होती. आरशात बघितलं तर त्याला स्वतःच्या दोन मिशा दिसल्या. पाय दिला की जरा सावरायची, सोडला की पुन्हा धडधड, आणि मधेच एक ठोका गाळायची. लग्नाच्या बँडात एक वाजंत्री पिऊन आल्यावर व्हावं तसं. चार सिलिंडर म्हणजे चार गडी. त्यातले दोन गडी ओढत होते आणि दोन नुसते दोराला हात लावून चालत होते.

नाथाजीनं गाडी बंद केली आणि स्वतःशीच म्हणाला, "हिला काय झालं रं?" हा प्रश्न त्यानं आजवर कधी विचारलेला नव्हता. गाडी सुरू झाली की उत्तरच आधी यायचं.

त्यामागं एक गोष्ट होती, जी फक्त दोघांना माहीत होती. श्रावणात त्याची बायको चंद्राबाई त्याला सांगलीला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. डॉक्टरनं काचेच्या खोलीत बसवून पिंपिं आवाज ऐकवले आणि शेवटी एक आलेख काढून दिला. उजव्या कानाची रेघ बरी होती. डाव्या कानाची रेघ अर्ध्यातून कृष्णेच्या पात्रात उडी मारल्यासारखी खाली गेलेली. "बारीक, धारदार आवाज डाव्या कानाला येत नाहीत. आवाज बोथट होऊन येतो," डॉक्टर म्हणाला, आणि कानात घालायचं एक यंत्र दिलं. नाथाजीनं ते फिलर गेजच्या, म्हणजे फटी मोजायच्या पट्ट्यांच्या, खणात ठेवलं आणि खणाला कुलूप लावलं. त्याच्या कानात मशीन दिसलं असतं तर दुसऱ्या दिवशी आष्ट्याची एस.टी.सुद्धा हसली असती.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सर आले. बुटकीशेजारी उभे राहून त्यांनी तिची धडधड ऐकली. गणिताचा माणूस, मोजून बोलणारा.

"नाथाजी, पुष्करचं म्हणणं आहे, आता पुरे." पुष्कर म्हणजे त्यांचा पुण्याचा मुलगा. "तिकडे एक वर्कशॉप आहे. इंजिन काढून टाकतात आणि बॅटरीवरची मोटर बसवून देतात. धूर नाही, आवाज नाही."

"आवाज न्हाई?"

"अजिबात नाही."

"मग गाडी चालू हाय हे कळायचं कसं?"

"समोर एक दिवा लागतो."

"दिवा देवापुढंबी लागतो, सर. देव चालू हाय का बंद, त्यावरनं कुनाला कळतंय?"

सर हसले, पण लगेच थांबले. "मी त्याला शब्द दिलाय. भाऊबीजेआधी नीट झाली, तर आम्ही नेहमीसारखे साताऱ्याला जाऊ आणि तो पुन्हा विषय काढणार नाही. नाही झाली, तर पाडव्याला तो ट्रक घेऊन येणार. इंजिन काढलं की मग ती आपली राहत नाही, हे मलाही कळतं. पण रस्त्यात बंद पडणाऱ्या गाडीत अनसूयेला मी या वयात घाटात नेणार नाही. तुमच्यावर आहे सगळं."

"हुईल," नाथाजी म्हणाला. आणि सर रस्त्याला लागल्यावर चंद्राबाईला म्हणाला, "आवाज सापडला न्हाई तर पाडव्याला मी शटर खाली वडनार. कायमचं."

"वडा की," चंद्राबाई म्हणाली. "पर आदी जेवून घ्या."

मग सुरू झालं ते तपासणं. नाथाजीनं एकेका प्लगची टोपी काढून पाहिली. जिवंत सिलिंडरची टोपी काढली की इंजिन आणखी लंगडतं. मेलेल्याची काढली तर काही फरक पडत नाही. मागच्या दोघांच्या टोप्या काढल्यावर बुटकी आडवी व्हायला आली. पुढच्या दोघांच्या काढल्यावर नुसती कुरकुरली. म्हणजे आजार पुढच्या अंगाला, हे पहिल्याच दिवशी दिसलं. पण कशाचा? प्लग बदलले. पॉइंट घासले. कंडेन्सर बदलला. वायरी बदलल्या. टॅपेट दोनदा लावले. कॉम्प्रेशन मोजलं, चारही गडी सारख्या ताकदीचे निघाले. मॅनिफोल्डच्या सांध्यावर साबणाचं पाणी फिरवून हवेची गळती शोधली, बुडबुडा खालीवर झाला नाही.

मग त्यानं पेट्रोल धरलं. समोरच्या टपरीवर जाऊन त्यानं जाहीर केलं, की हल्ली पेट्रोलमधे उसाची दारू घालतात, आणि म्हाताऱ्या गाडीला ती चढते. टपरीवर नानासो बसला होता. नानासोचा सहा एकर ऊस कारखान्याला जातो.

"आरं हवालदार, आमच्या उसाला नावं ठिवतूस?"

"ठिवतोय की. तुज्या उसानं माजी गाडी झिंगलीया."

"गड्या, माज्या ट्रॅक्टरला कशी न्हाई झिंग येत?"

"तुजा ट्रॅक्टर डिझेल पितोय, येड्या."

टपरी हसली, पण नाथाजी खरोखरच आष्ट्यापर्यंत जाऊन जुन्या ओळखीतून पेट्रोलच्या रबरी नळ्या नव्या घेऊन आला, टाकी उपसली, ताजं पेट्रोल भरलं. बुटकी तशीच धडधडत राहिली. उसाचा काही गुन्हा नव्हता. नाथाजीनं ते टपरीवर जाऊन सांगितलं मात्र नाही.

एकाच गोष्टीला त्यानं हात लावला नव्हता, आणि ती म्हणजे कार्बोरेटर. ते त्यानं स्वतः, दसऱ्याच्या आधी, स्वतःच्या हातांनी बसवले होते. त्यांच्यावर संशय घ्यायचा म्हणजे आरशासमोर उभं राहून चोर चोर ओरडायचं.

खोलले नाहीत, पण ऐकले. ऐकण्याची त्याची पद्धत साऱ्या जिल्ह्यात एकट्याची. पठाणकोटला असताना मिलिटरी दवाखान्यातला एक मोडका स्टेथोस्कोप त्यानं डॉक्टरकडून मागून घेतला होता आणि त्याच्या दोन नळ्या वेगळ्या केल्या होत्या. एक नळी पुढच्या कार्बोरेटरच्या तोंडाशी, तिचं टोक डाव्या कानात. दुसरी मागच्याच्या तोंडाशी, टोक उजव्या कानात. डोळे मिटायचे. दोन्हीकडे हवा सारखी शिरत असली की तो आवाज बरोबर कपाळाच्या मधोमध येऊन उभा राहायचा, कुंकू लावतात तिथं. एक जरी जास्त ओढत असला तरी आवाज त्या बाजूला सरकायचा. मग बारीक स्क्रू फिरवत त्याला परत कपाळावर आणायचं. तीस वर्षं तो आवाज आणि नाथाजी कपाळावर भेटत आले होते.

या वेळी तो आलाच नाही. उजव्या कानात मागच्या कार्बोरेटरचा स्वच्छ सुस्स. डाव्या कानात पुढच्याचा जाड, बोथट भस्स. पिंपाच्या तळाशी कुणीतरी श्वास घेत असल्यासारखा.

नाथाजीनं नळ्या काढल्या आणि स्टुलावर बसला. बोथट. डॉक्टरनं हाच शब्द वापरला होता. त्याच्या डोळ्यांपुढं तो आलेख आला, नदीत उडी मारलेली रेघ. म्हणजे कार्बोरेटर बरोबर होता, कानच खोटं सांगत होता. त्यानं मग एक गोष्ट केली, जी त्यानं कधी केली नव्हती: ऐकलेलं सोडून दिलं आणि अंदाजानं स्क्रू फिरवला. डाव्या कानाला जेवढं कमी येत असेल तेवढं मनानं भरून काढून. बुटकी आणखीच बिघडली.

असे दिवस गेले. उसाला तुरे आले. रोज सकाळी तो नळ्या कानात घालायचा, रोज तोच सुस्स आणि तोच भस्स. एकदा त्यानं खण उघडून ते मशीन हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि परत ठेवलं. मशीन घालून ऐकलं आणि तरीही आवाज बोथटच आला, तर? मग कान पुरता गेला, हे पक्कं होणार. पक्कं न होता जे काही शिल्लक होतं, तेवढंच त्याला जपायचं होतं. टपरीवर जाणं त्यानं बंद केलं. तिथं कुणीतरी जुना किस्सा काढायचं, हवालदाराचा कान असा नि तसा, आणि त्याला ते मेलेल्या माणसाबद्दल बोलल्यासारखं वाटायचं.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी तो घराच्या पडवीत बसला होता. चंद्राबाई चकल्यांचा डबा भरत होती. फोन वाजला. सरांचा.

नाथाजीनं फोन सवयीनं डाव्या कानाला लावला. "हां सर... काय?... सर, काय म्हनलासा?" पलीकडे काहीतरी खरखरलं. "सर, मोठ्यानं बोला... व्हय... न्हाई, न्हाई ऐकू येत." त्यानं फोन चंद्राबाईपुढं धरला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "तूच ऐक. माजा कान गेला आता. फोनचंबी ऐकू येत न्हाई."

चंद्राबाईनं तेलकट हात लुगड्याला पुसला, फोन कानाला लावला. "हालो! हालो! आवं सर, हालो!" मग फोन डोळ्यांपुढं धरून बघितला. "मला तरी कुटं येतंय ऐकू? दांडीच न्हाई फोनात, रेंज गेलीया. आवं, परत्येक टायमाला कानालाच काय धरता? फोनाचा बी दोष आसतोय की!"

आणि ती पुन्हा चकल्या भरायला लागली. तिच्या दृष्टीनं बोलणं संपलं होतं.

नाथाजी मात्र जागचा हलला नाही. त्याच्या डोक्यात काहीतरी हळूच फिरलं, गंजलेला नट पहिल्यांदा सुटतो तसं. फोन डाव्या कानाला. फोन तिच्या कानाला. कान बदलला, आवाज तोच. तो उठला. चपला उलट्या घातल्या, तशाच घालून निघाला.

"आता कुटं? पूजा हाय घरात!"

"आलो," नाथाजी म्हणाला. आणि दारातून वळून, "चंद्रे, तू लय शानी हायस."

"हे आज कळलं व्हय," चंद्राबाई चकल्यांना म्हणाली.

बुटकी सुरू करून त्यानं नळ्या हातात घेतल्या, आणि तिथं त्याचे हात अडले. अदलाबदल करायची, एवढंच. पुढची नळी उजव्या कानात, मागची डाव्या कानात. तीस वर्षांत त्याला हे एकदाही सुचलं नव्हतं, कारण गरज पडली नव्हती. आणि गेल्या तीन आठवड्यांत सुचलं नव्हतं असंही नाही. मनाच्या कोपऱ्यात ते उभं होतं. त्यानंच तिकडे बघितलं नव्हतं. बोथट आवाज डाव्या कानातच राहिला, तर कान गेला. हे नळ्यांच्या साक्षीनं ठरलं असतं, आणि मग पाडव्याला शटर.

त्यानं डोळे मिटले आणि नळ्या घातल्या.

भस्स उजव्या कानात होता.

त्यानं नळ्या काढल्या, पुसल्या, पुन्हा घातल्या. उजव्या कानात, चांगल्या रेघेच्या कानात, पुढचा कार्बोरेटर भसाभसा श्वास घेत होता. आणि डावा कान, तो नदीत उडी मारलेला कान, मागच्याचा सुस्स पुसट, पण सुस्सच ऐकत होता. म्हणजे पहिल्या दिवसापासून डावा कान बिचारा खरं बोलत होता. ओरडून ओरडून सांगत होता, आणि नाथाजी त्याला म्हणत होता, गप, तू बहिरा आहेस.

त्यानं इंजिन बंद केलं. या जातीच्या कार्बोरेटरला वर घुमटासारखी टोपी असते. तिच्यात एक पिस्टन हवेबरोबर उचलतो आणि हवा थांबली की खाली बसतो. बोटानं उचलून सोडला की टक् असा आवाज आला पाहिजे. त्यानं मागचा सोडला: टक्. पुढचा सोडला: थप्. लाकडी पाटावर पडल्यासारखा.

चार स्क्रू काढून त्यानं पुढचा घुमट उचलला, पिस्टन अलगद बाहेर घेतला. पिस्टनच्या चकतीखालच्या कडेवर, जिथं काहीही असायला नको, तिथं एक तांदूळ होता. सबंध. अणकुचीदार. कुंकवानं लाल झालेला. आणि कार्बोरेटरच्या तोंडाशी पिस्टनखाली हवा जायला जे बारीक भोक असतं, त्यात अडकलेला दुसरा. पहिला तांदूळ त्याच भोकातून आत गेला होता आणि त्यानं पिस्टनला आपल्या जाडीएवढं अधांतरी धरून ठेवलं होतं.

नाथाजीनं चिमट्यानं तांदूळ उचलून तळहातावर घेतला आणि त्याला खंडेनवमी दिसली. फिल्टर खिडकीत वाळतायत. कार्बोरेटरची तोंडं उघडी. आपण अंघोळ करून, टोपी घालून, डोळे मिटून इंजिनावर ओल्या अक्षता टाकतोय, एक मूठ, दुसरी मूठ. दरसाल फिल्टर जागेवर असायचे. या साली नव्हते. कुणा उंदराचा, कुणा पेट्रोलवाल्याचा, नानासोच्या उसाचा यात काही संबंध नव्हता. हा हात त्याचा होता.

आधी तो हसला. मग बराच वेळ हसला नाही.

त्यानं भोकातला तांदूळही काढला, पिस्टन पुसला, घुमट बसवला, आपण बिघडवलेले स्क्रू मूळ जागी आणले, नळ्या घातल्या. आवाज हळूहळू सरकत आला आणि कपाळाच्या मधोमध उभा राहिला. इतक्या दिवसांनी घरी आलेल्या माणसाकडे बघतात तसं नाथाजी मिटल्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत राहिला.

आता प्रश्न होता उद्या काय सांगायचं. नाथाजीला गोष्टींचा तोटा नव्हता. बंगळूरच्या काळापासून आत लपलेला मुंगळा. विलायती पितळेला आलेला बुरा. लडाखच्या थंडीत शिकलेला एक गुप्त इलाज. पूजेत बसल्याबसल्या त्यानं तीन गोष्टी रचल्या, तिन्ही एकापेक्षा एक. सरांनी तिन्ही मानल्या असत्या. पण दर वेळी शेवटाला तो लाल तांदूळ येऊन बसायचा. आणि दुसरंही एक होतं: खोटी गोष्ट सांगायची तर डाव्या कानाचं खरं बोलणंही त्या खोट्यात पुरावं लागणार होतं. तीन आठवडे त्याला बहिरा म्हणून झालं, आता परत?

पाडव्याला सकाळी सर आणि अनसूयावहिनी रिक्षानं आले. सरांचा चेहरा ट्रकची वाट बघणाऱ्याचा होता. नाथाजीनं चावी फिरवली. बुटकी अशी चालली की बॉनेटवर ठेवलेला चहाचा कप भरलेलाच राहिला. कपातल्या चहावर साय धरली, असं लोक नंतर सांगत.

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "काय होतं?"

"मीच होतो, सर." नाथाजीनं शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली, उलगडली. "खंडेनवमीला मी हिच्यावर अक्षता टाकल्या. फिल्टर न्हवतं. ह्यो आत गेला. तीन हप्तं मी सगळ्या दुनियेवर संशय घेतला, माज्यावर सोडून."

सरांनी पुडीत पाहिलं, मग त्या भोकात पाहिलं, आणि मोठ्यानं हसायला लागले. "नाथाजी! इतक्या थापा ऐकल्यात तुमच्या, पण ही सगळ्यांत वरची! अहो, मुठीत दोनशे तांदूळ, इंजिन केवढं, भोक केवढं. एक तांदूळ नेमका उभा आत जाण्याची शक्यता काढायला मला फळा लागेल. काय दोष होता ते सांगायचं नाही, असं म्हणा की सरळ."

"सर, आईशप्पत."

"कोइमतूरच्या बरणीलाही तुम्ही हीच शपथ घेतली होती."

आयुष्यभर त्यानं जे रचलं ते लोकांनी हातोहात उचललं होतं, आणि आता एक खरी गोष्ट हातात घेऊन तो उभा होता तर कुणी घेईना.

अनसूयावहिनी मात्र पुडी घेऊन उजेडात गेल्या होत्या. त्यांनी तांदूळ बोटानं हलवला, बोटाला लागलेला लाल रंग बघितला.

"नाथाजी, अक्षता वाहताना काय मागितलं होतंत?"

नाथाजीनं खाली बघितलं. सरांपुढं हे सांगणं तांदळापेक्षा अवघड होतं. "वहिनी... डॉक्टर म्हनला डावा कान गेला. मशीन दिलंय. म्हनून मी म्हनलं, दुसरं काय नको, माजा कान तेवढा ऱ्हाऊ दे."

सर हसायचे थांबले होते.

"मग?" वहिनींनी विचारलं. "राहिला का?"

"ऱ्हायलाय," नाथाजी म्हणाला. "थोडा हाय, पर खरं बोलतोय."

वहिनींनी पुडी घडी करून परत त्याच्या खिशात घातली. सरांनी फोन काढला, रेंज येईपर्यंत उसाच्या बांधापर्यंत चालत गेले, आणि तिथून सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "पुष्कर, कुठे आहेस? खंबाटकी उतरलास? मग तसाच साताऱ्याला मामाकडे जाऊन थांब. ट्रक परत पाठव. उद्या आम्ही येतोय. हो. आवाज करत येतोय."

भाऊबीजेच्या सकाळी बुटकी गॅरेजसमोरून गेली. वहिनींनी हॉर्न वाजवला. नाथाजी रस्त्याच्या कडेला उभा होता. गाडी उसाच्या वळणाआड गेल्यावर त्यानं गॅरेजात जाऊन फिलर गेजचा खण उघडला, ते मशीन काढलं, डाव्या कानात बसवलं आणि परत बाहेर येऊन उभा राहिला. बऱ्याच वेळानं रस्ता ओलांडून टपरीवर गेला.

नानासोनं मशीन बघितलं. "ह्ये काय रं हवालदार, कानात?"

"मशीन हाय. डावा कान कमी ऐकतोय." आणि बसल्याबसल्या त्यानं सगळं सांगून टाकलं: अक्षता, भोक, तांदूळ, नळ्यांची अदलाबदल. उसाची जाहीर माफीसुद्धा मागितली.

टपरी पोट धरून हसली. "तांदूळ म्हनं! फेकतोय बघा! खंडेरायानं नेम धरून मारला व्हय!" नानासोनं डोळे पुसले. "जाऊ दे गड्या. त्ये सोड. आता गेली ती गाडी कुटवर ऐकू आली, त्ये सांग."

नाथाजीनं चहाचा घोट घेतला. खरं तर ती पेठ नाक्यालाच इतर गाड्यांच्या गर्दीत मिसळून गेली होती. तो चौघांच्या चेहऱ्यांकडे बघत राहिला. सगळे थांबले होते.

"कासेगाव सोडलं," तो म्हणाला. "चौथ्या गेरला हाय. वहिनी चालवत्यात. सर डोळं मिटून बसल्यात."

"बघा!" नानासो टपरीवाल्याकडे वळून म्हणाला. "ह्याला म्हनत्यात कान!"